डावखुरा

बेगमपुऱ्यात नव्या लाइनीचा चर खणताना
मुनीरच्या जेसीबीचा दात खापराला लागला.
लोखंडाला लागला तर ठण्ण होतं,
दगडाला लागला तर मशीन मागं सरकतं.
हे नुसतं कच्च झालं,
अंधारात मडकं पायाखाली यावं तसं,
आणि चरात पाणी चढायला लागलं.

स्वच्छ. गार. कुणाच्याच बिलावर नसलेलं.

आमचं पाणी आठ दिवसांनी येतं,
त्याचा व्हॉल्व्ह मीच फिरवतो,
कोणत्या गल्लीला किती आटे, मला पाठ आहे.
याला व्हॉल्व्हच नव्हता.
जुन्या नहरीचं असेल, उबाळे साहेब म्हणाले,
सिमेंट मारून टाका.

दोनदा मारलं.
पाण्यानं दोन्ही वेळा ते
उटण्यासारखं धुऊन नेलं.

मग खापराचा तुकडा गोणपाटात गुंडाळून
मी कुंभारवाड्यात गयाबाई देवतरसेकडे गेलो.
दारात नर्सरीच्या कुंड्या, पणत्यांचे साचे,
आणि बंद पडलेल्या कूलरवर वाळत घातलेली झाकणं.
तिनं तुकडा आधी जिभेला लावला.
"भाजणं चांगलंय. कुंडीवाल्याचं काम न्हाई हे."
मग आतल्या वळ्यांवरून बोट फिरवलं,
हळू, वासराच्या मानेवरून फिरवावं तसं,
आणि हसली.
"डावखुरा व्हता मेला.
चाक उलटं फिरायचं ह्याचं."

मेला त्याला किती वर्षं झाली,
सांगावंसं वाटलं,
पण आकडा मलाही येत नव्हता.

"घोड्याची लीद आण," म्हणाली.
टांगे जाऊन जमाना झाला.
शेवटी एका बँडवाल्याकडं
नवरदेवांच्या पांढऱ्या घोडीमागं
गोणी घेऊन उभा राहिलो, ड्यूटीच्या वेळेत.
घोडीला घाई नव्हती.

मापासाठी मी टेप काढला.
तो बाजूला सारून तिनं हातातली बांगडी लावली.
"वल्ली माती खोटं बोलती, दादा.
बोटभर मोठंच करायचं.
वारा थोडं खातो, आवा थोडं खातो,
उरंल तेवढं आपलं."

तीन नळ केले.
पहिला आव्यात तडकला.
दुसरा वाकला,
मागून कुणी हाक मारल्यावर मान वळावी तसा.
तिसरा मी मांडीवर घेऊन रिक्षातून आणला,
प्रत्येक स्पीड ब्रेकरला
दोन्ही हातांनी उचलून धरत.

अरुंद तोंड रुंद तोंडात गेलं.
बाजूनं चुना, गूळ, कुटलेला ताग.
पाणी थांबलं नाही,
फक्त दिसेनासं झालं.

खाली कुठंतरी आता
डावीकडं वळत आलेल्या वळ्या
उजवीकडं वळणाऱ्या वळ्यांना टेकल्यात.
पाण्याला ते कळतं का, माहीत नाही.
वर डांबर पडलंय.
तिथून जाताना माझ्या गाडीची रेस आपोआप कमी होते
आणि मागचा हॉर्न मारतो.

नोंद करताना पंचाईत झाली.
दरपत्रकात बिडाचा पाइप आहे, पीव्हीसी आहे,
माती आहे ती फक्त "खोदून बाहेर टाकणे" या कामाखाली,
घनमीटरवर.
उबाळे साहेबांनी शेवटी "इतर किरकोळ" लिहिलं,
तीनशे चाळीस रुपये.
लीदीचे धरले नाहीत.

वाकडा नळ गयाबाईनं मला देऊन टाकला.
"न्हे. माझ्यापाशी मला हसतंय ते."
घरात तो खिडकीत आडवा असतो.
धाकटी एका टोकाला तोंड लावून
स्वतःचंच नाव ओरडते
आणि दुसऱ्या टोकाला जाऊन कान लावते.
अजून एकदाही वेळेत पोचली नाही.

ती डाव्या हातानं जेवते.
तिची आई रोज न बोलता घास सोडवते,
उजव्या हातात देते.
काल द्यायला लागली तेव्हा
मी ताटातून मान वर न करता म्हटलं,
राहू दे.